मशीनमधला केर

"परत विचारतंय बघा," मी स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हटलं.

"काय इचारतंय?" आत्तींचा आतनं आवाज आला.

"पासवर्ड. दुसरं काय विचारणार आहे, माझी खुशाली?"

आत भांडं आपटलं. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात, आणि आमच्या आत्ती रागावल्या तरी भांडी आपटायच्या आणि खूश असल्या तरी आपटायच्याच. त्यामुळं त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

बाहेर पुरतं उजाडलं नव्हतं. नळाचं पाणी भरून माझे हात गार पडले होते, आणि पडद्याच्या मधोमध ती मेलची चौकट ठाण मांडून बसली होती. वर माझं नाव, खाली पासवर्डची जागा रिकामी, त्याच्याही खाली 'पासवर्ड लक्षात ठेवा' असं लिहून खूण करायचा बारका चौकोन. ती खूण काल केली होती. परवाही केली होती. काल दिवसभर सगळं सुरळीत चाललं, आणि आज सकाळी मशीन कोरं करकरीत. जणू मला ओळखतच नाही.

हे आमच्या जयसिंगपूरच्या घरातलं, शिवानंदची सूतगिरणी बंद पडली त्या वर्षीचं. शिवानंद म्हणजे माझे यजमान. गिरणीत टाइमकीपर होते. गिरणीला टाळं लागलं तसे ते बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसले, ते बसलेच. घर माझ्या कामावर चाललं होतं. पुण्यातल्या एका कंपनीचं घरबसल्या काम. परदेशातले डॉक्टर पेशंट तपासून झाला की काय आढळलं ते यंत्रात बोलून ठेवत. ते बोलणं रात्रीतनं मेलवर यायचं. मी कानाला हेडफोन लावून ऐकायचं, टाइप करायचं आणि दुपारी एकच्या आत परत पाठवायचं. एक वाजला की तिकडं त्यांचा दवाखाना उघडायचा, मग उशिराला माफी नाही.

आता तुम्ही म्हणाल, मेल पासवर्ड विचारत होती तर बाई, भरायचा की! तीच तर गोम होती. पेशंटची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून पासवर्ड आम्हा घरी बसणाऱ्या बायकांना सांगायचाच नाही, असा कंपनीचा नियम. पुण्याहून सबनीस मॅडम फोनवर "माउस सोडा" म्हणायच्या, तिथं बसून माझा पडदा ताब्यात घ्यायच्या, काळे ठिपके उमटायचे, खूण व्हायची. पुढं ते मशीननं सांभाळायचं. बाकी सगळ्यांची मशिनं सांभाळत होती. आमच्याच मशीनला काय धाड भरली होती कोण जाणे. आणि मॅडम ऑफिसात यायच्या दहाला. तोवर मी काय करायचं? त्या चौकटीकडं बघत बसायचं. दहाला सुरू केलेलं काम एकला कुठनं संपणार?

"हेमलता, आज पुन्हा?" त्या दिवशी फोन लागल्या लागल्या मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मी काही केलं नाही हो."

"तुम्ही केलंत असं मी म्हणतच नाहीये. पण मला वरून विचारतात. तुमच्या नावापुढं रोज उशिराचा शेरा पडतोय." "हे बघा, काम तुमचं चांगलं आहे म्हणून सांगते. इथं एक खुर्ची रिकामी आहे. पुण्यात येऊन ऑफिसातल्या मशीनवर बसा. नसेल जमत तर महिनाअखेरीला मला दुसरी बाई बघावी लागेल."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. इकडं आड तिकडं विहीर. पुण्याला जायचं म्हणजे घर सोडायचं. आत्तींचे गुडघे गेलेले, शिवानंद आतल्या आत कुढत बसलेले, ह्या दोघांना कुणावर टाकून जाणार? आणि नाही जावं तर महिन्यानं चुलीवर काय ठेवणार? मला रडूसुद्धा येईना, इतकी मी दमले होते.

दुपारी यासीन आला. यासीन मुजावर, स्टँडजवळ त्याचं दुकान. गावातली निम्मी मशिनं त्याच्या जिवावर चालायची.

"वहिनी," मोटारसायकलची चावी टेबलावर टाकत तो म्हणाला, "ह्या मशीनचं तोंड मी आता माझ्या बायकोच्या तोंडापेक्षा जास्त बघतोय."

"मग बायकोला सांग, माझ्या नावानं बोटं मोडू नको म्हणावं."

त्यानं काय करायचं बाकी ठेवलं होतं? मेलचा प्रोग्राम काढून नवा घातला होता. खातं पुसून परत केलं होतं. आतल्या घड्याळाचा सेल बदलला होता. प्रत्येक वेळी मॅडमना फोन, प्रत्येक वेळी ठिपके, खूण. तो बंद करून चालू करून दाखवायचा, मेल मुकाट्यानं उघडायची. "झालं वहिनी," म्हणून तो जायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले पाढे पंचावन्न.

"मशीन बंदच करू नका," तो म्हणाला.

"मी नाही करत. पाठवलेल्या फाइली लाइन मंद म्हणून जात राहतात, संध्याकाळपर्यंत चालूच असतं. पण सातला लोडशेडिंग. वीज गेली की ते आपोआप झोपतं, त्याला मी काय करू?"

"खरं आहे." त्यानं डोकं खाजवलं. "मागं व्हायरस काढला तेव्हा मी तो झाडूवाला प्रोग्राम घातला होता बघा, आतला कचरा साफ करायचा. तो चालवता काय तुम्ही?"

"मी? यासीनभाई, मला घरातला केर काढायला सवड नाही, मशीनमधला कधी काढू?"

"मग तो नव्हे. आपणहून तो चालत न्हाई." तो पुढच्या गोष्टीकडं वळला. "एक सांगा. ह्या सगळ्यात एखाद्या दिवशी तरी लक्षात राहिला होता काय?"

मी आठवून बघितलं. "राहिला की. हे कोल्हापूरला मुलाखतीला गेले होते, त्याच्या दुसऱ्या दिवशी राहिला होता. आणि नणंदबाई माहेरपण करून अथणीला परत गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे मशीनला घरात गर्दी खपत न्हाई," यासीन हसला. मलाही हसू आलं. दोघांनीही ते तिथंच सोडून दिलं.

आत्ती शेजारी चौगुले काकूंकडं शेवया करायला गेल्या होत्या, त्या तेवढ्यात हाताला पीठ घेऊन आल्या. यासीननं त्यांनाही विचारलं, "मावशी, मशीनला कोण हात लावतं काय हो?"

"मी कशाला हात लावू बाबा? मला काय कळतंय त्यातलं? चहा घेणार न्हवं?"

तो गेल्यावर कट्ट्यावरनं शिवानंद आत आले. "हाच बिघडवतोय," म्हणाले. "तो व्हायरस काढून गेला त्या आठवड्यापासनं हे सुरू झालंय. दुरुस्त्या करून पोट भरतात हे लोक."

"तो आता पैसे घेत नाही. लाजेखातर येतोय बिचारा."

"मग आणि कोण?"

"ते मला विचारू नका," मी म्हटलं. "ह्या घरात माझं काम कुणाला हवंय, ते आधी सांगा."

मला बोलायचं नव्हतं, पण तोंडातनं निघून गेलं. शिवानंद परत कट्ट्यावर जाऊन बसले. आत्ती ताट वाढत होत्या, त्यांनी ऐकलं का नाही कोण जाणे. भांडं काही वाजलं नाही.

आत्तींना माझं काम आवडायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. जेवताना त्या रोज विचारायच्या, "आज कोण कोण होतं?" आणि मी सांगायची. नावगाव सांगायची बंदी होती, पण दुखणं सांगायला काय हरकत? तेवढीच दिवसातली करमणूक. त्या दिवशीही विचारलं.

"एकाचं मूत्रपिंड गेलंय," मी म्हटलं. "एका बाईच्या छातीत पाणी झालंय. आणि एका म्हाताऱ्याचा पाय काढायचाय."

"शिवशिव! आणि हे समदं त्या मशीनमधनं येतंय व्हय?"

"तर. मशीनमधनं माझ्या कानात."

"मग ते जातंय कुठं?"

"जातंय कुठं म्हणजे? राहतं तिथंच. फाइली असतात ना त्याच्या."

"घरातच?"

"घरात नाही आत्ती, मशीनमध्ये."

"मशीन कुठं हाय मग?" असं म्हणून त्यांनी तिकडं बघितलं आणि घास तसाच हातात धरून बसल्या. मी मान चोळत उठले. महिनाभर मान धरली होती माझी, इकडची तिकडं होत नव्हती. आत्तींनी कोमट तेल आणून चोळलं आणि चोळता चोळता बडबडल्या, "दुसऱ्यांची दुखणी कानात वतून घेतीस. मान धरंल न्हाई तर काय हुईल?"

मला वाटलं, टोमणा मारतायत. मी डोळे मिटून घेतले.

महिना संपत आला तशी मी मॅडमना फोन करून सांगितलं, येते बघायला खुर्ची. जाऊन बघायचं, राहायची सोय लावायची आणि एक तारखेपासनं रुजू व्हायचं, असं ठरलं. शिवानंदना सांगितलं, तर ते "बघ" म्हणाले. एवढंच. त्या एका शब्दाचा मला इतका राग आला! भांडले असते तरी चाललं असतं.

दुपारच्या गाडीनं निघाले. आत्तींनी हातावर दही घातलं, डब्यात भडंग भरून दिलं, जाताना खायला म्हणून दोन केळी पिशवीत कोंबली. दारात मी चप्पल घातली आणि म्हटलं, "जाते."

"येते म्हण."

"येते," मी म्हटलं. पण मनातनं मी गेलेच होते. गाडीत बसल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, झोप लागली. कऱ्हाड कधी आलं, सातारा कधी गेला, काही कळलं नाही.

रात्री मावसबहिणीकडं राहिले आणि सकाळी ऑफिसात गेले. गार हवेची खोली, ओळीनं बायका, प्रत्येकीच्या कानाला हेडफोन, कुणी कुणाकडं बघत नाही. सबनीस मॅडम फोनवर वाटायच्या तशा करड्या नव्हत्या. त्यांचीही मान धरलेली दिसत होती. त्यांनी मला खिडकीजवळची खुर्ची दाखवली.

"इथं पासवर्डची कटकट नाही," त्या म्हणाल्या. "इथली मशिनं विसरत नाहीत. एक तारीख नक्की ना?"

"नक्की," मी म्हटलं.

परतीच्या गाडीत मात्र झोप लागली नाही. जयसिंगपूरला उतरले तेव्हा उन्हं उतरली होती. घरी आले तर शिवानंद कट्ट्यावर नव्हते. आत, माझ्या खुर्चीत बसले होते. मशीन चालू होतं, आणि पडद्यावर मेल सताड उघडी. सगळ्या फाइली खाली उतरलेल्या.

"तुम्ही चालू केलंत?"

"पहाटे केलं. तू रोज करतेस म्हणून." ते उठून उभे राहिले. "विचारलंच नाही आज. आपोआप उघडलं. मॅडमना कळवावं म्हणत होतो, पण तू तिथंच होतीस."

मी पिशवी खाली ठेवली. "म्हणजे मी घरातनं बाहेर पडले आणि हे सुधारलं. बरं झालं. अपशकुनी मीच होते म्हणायचं."

"हेमा, तसं नाही गं."

"मग कसं?"

मी तिथंच खुर्चीत बसले, पाय धुवायचंही सुचेना. कानात यासीनचं बोलणं घुमत होतं. घरात गर्दी खपत नाही. हे कोल्हापूरला गेले, तेव्हा राहिला. नणंदबाई गेल्या, तेव्हा राहिला. मी गेले, तेव्हा राहिला. घरातलं कुणीतरी जायला लागतं होय रे तुला? मशीनशी बोलायची पाळी आली होती माझ्यावर.

इतक्यात आत्ती आतनं आल्या. पदर खोचलेला, हातात घरचा झाडू. बाहेरचा सोपा झाडून झाला होता, सुपली भरून केर बाहेर टाकून आल्या होत्या. मला बघितलं, डोळे भरून बघितलं, आणि म्हणाल्या, "आलीस? बरं झालं. ऊठ जरा."

"का?"

"ऊठ म्हणते न्हवं. दिवा लावायच्या आत झाडून घेऊ दे. कालचंबी ऱ्हायलंय."

त्यांनी झाडू दाराआड आडवा ठेवला, हात पदराला पुसले, आणि माझ्या खुर्चीत टेकल्या. मी आणि शिवानंद बघतच राहिलो. आत्तींनी माउस हातात धरला, दोन्ही हातांनी, पाट्यावरचा वरवंटा धरतात तसा. पडद्याच्या कोपऱ्यात झाडूचं चित्र होतं. तिथवर बाण नेला, दाबला. एक चौकट उघडली. तिच्या खालच्या बटनावर बाण नेऊन आता दाबणार, तोवर मी त्यांचा हात धरला.

"आत्ती! हे काय करताय?"

"झाडतीया. रोज झाडती. तू दूध आणायला डेअरीत जातीस तवा." त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या की वेडी मीच. "त्या यासीननं सांगितलं हुतं, रोज एकदा झाडून काढत जावा. तू ऐकलंस आणि इसरलीस. मी म्हटलं, हिच्या जिवाला उसंत कुठाय? माझ्यासमोर त्यानं दाबून दाखवलं हुतं. दोनदा तर दाबायचंय. त्यात काय?"

"अहो पण यासीननं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, हात लावत नाही म्हणून!"

"हात कुठं लावला? झाडलं. झाडलंस का, असं मला कुणी इचारलं?"

शिवानंद मटकन कॉटवर बसले. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर हसले असते, नाहीतर ओरडले असते.

"कशाला पण आत्ती?" माझा आवाज चढला. "कचरा झाला तर झाला असता! मशीनमधला केर तो काय, आणि तो रोज काढायला..."

"केर कसला?" आत्तींचाही आवाज चढला. "किती जणांची दुखणी दिवसभर ह्यात येऊन पडत्यात. तूच सांगतीस न्हवं का जेवताना? कुणाचं मूत्रपिंड, कुणाच्या छातीत पाणी. ती राती घरात ठिवायची? आणि सकाळी उठून परत तूच कान लावून बसायचं? तुझी मान धरली ती कशानं धरली? दिवा लावायच्या आत ही घाण भाईर गेली पायजे. माझ्या सुनंला काय हुया नगं."

आठ वर्षं मी त्या बाईच्या हातचं जेवत होते आणि मला वाटत होतं, तिला माझं काम नको आहे.

शिवानंदनीच विचारलं. "आणि काल का राहिलं, आई?"

"काल ही गेली हुती न्हवं?"

"मग?"

"मग काय मग? कळतंय का काय तुला?" आत्ती त्यांच्यावर खेकसल्या. "घरातनं माणूस परगावी निघालं की मागनं झाडत न्हाईत. तू कोल्हापूरला गेलास तवाबी न्हवतं झाडलं. शशी अथणीला गेली तवाबी न्हवतं. मागनं झाडत्यात ते मयत उचलल्यावर. माणूस परत यायला पायजे असलं तर केर तसाच ठिवायचा." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, माउसकडं बघत म्हणाल्या, "मी काल घरबी न्हाई झाडलं. ही जाताना जाते म्हणाली हुती. मला काय सुचंना झालं."

आणि मग मला रडू आलं. महिनाभराचं सगळं एकदम आलं. आत्तींनी मला जवळ घेतलं नाही, त्यांची ती रीतच नव्हती. "दिवेलागणीला रडू नगं," एवढंच म्हणाल्या, आणि खांद्यावर हात ठेवून बसल्या.

शिवानंद स्वतः जाऊन यासीनला घेऊन आले. त्यानं उभ्या उभ्या सगळं ऐकलं आणि हसत हसत भिंतीला टेकला. "या अल्ला! वहिनी, घड्याळाचा सेल बदलला मी. प्रोग्राम काढून घातला. आणि इथं मावशी!"

"हसू नगंस," आत्ती म्हणाल्या. "आता काय करतोस ते सांग. झाडू काढून टाकणार असशील तर मी न्हाई टाकू द्यायची."

"कशाला काढू?" यासीन खुर्चीत बसला, झाडूवर दाबून ती चौकट उघडली. आत काय काय झाडायचं त्याची यादी होती, प्रत्येकापुढं खूण. साठवलेले पासवर्ड, त्याच्यापुढंही खूण. एवढीच ती बारकी खूण, आणि तिच्यापायी माझं घर सुटायला आलं होतं. यासीननं ती काढली. "झालं मावशी. आता खुशाल झाडा. दुखणी जातील, पासवर्ड ऱ्हाईल."

"नक्की? दुखण्याबरूबर चुकून जायाचा न्हाई न्हवं?"

"न्हाई जात. कोपऱ्यात सरकवून ठेवलाय."

"मग सरक," आत्ती म्हणाल्या, आणि त्यांनी आमच्यासमोर झाडून घेतलं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत गेली. ती पूर्ण होईतो त्यांनी माउस सोडला नाही. मग उठल्या, देवाजवळ गेल्या, दिवा लावला. पाठोपाठ वीज गेली आणि घरात तेवढाच उजेड राहिला.

दुसऱ्या दिवशी मेल काही न विचारता उघडली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मी मॅडमना फोन करून सांगितलं, खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या. काय बिघडलं होतं, असं त्यांनी विचारलं.

"सासूबाई झाडत होत्या," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही मॅडम. सेटिंग होतं एक."

मान पुढं बरीच वर्षं धरायची, ती काही सुटली नाही. शिवानंदना पुढं एका तेलाच्या दुकानात काम लागलं. मशिनं तीन बदलली. प्रत्येक नव्या मशीनवर यासीन आधी झाडू घालायचा, मग ती खूण काढायचा, मग आत्तींना बोलावून दाखवायचा. शेवटी शेवटी त्यांना खुर्चीपर्यंत येववत नव्हतं, तरी अंथरुणावरनं विचारायच्या, "झाडलंस काय गं?" आणि मी हो म्हणायच्या आधी झाडूनच घ्यायची, कारण खोटं त्यांना लगेच कळायचं.

परवाच्या श्रावणात आत्ती गेल्या. दुपारी त्यांना नेलं. पुरुषमंडळी कोपऱ्यावरनं दिसेनाशी झाली तशा चौगुले काकू आमच्या दाराआडचा झाडू घेऊन सोप्यात आल्या आणि रीतीप्रमाणं आत्तींच्या खोलीकडं निघाल्या.

मी उठले आणि त्यांच्या हातातनं झाडू काढून घेतला.

"हेमा, झाडून घ्यायला लागतं गं," त्या हळू म्हणाल्या.

"माहीत आहे काकू," मी म्हटलं, आणि तो दाराआड परत आडवा ठेवला. "आज नको. आज केर तसाच राहू दे."